कॉन्फिग फाईल सर्व्हरवर टाकण्याआधी तपासा
(नागपुरातील केबल-इंटरनेट ऑपरेटरांसाठी)

केबल मोडेम सुरू होताना डीएचसीपीकडून (पत्ता देणाऱ्या सर्व्हरकडून) कॉन्फिग फाईलचे, म्हणजे वेग आणि इतर सेटिंग ठरवणाऱ्या फाईलचे, नाव घेतो, टीएफटीपीने (फाईल उतरवण्याच्या साध्या पद्धतीने) ती उतरवतो आणि तिच्या आधारे सीएमटीएसकडे (ऑपरेटरच्या बाजूने सगळे मोडेम सांभाळणाऱ्या यंत्राकडे) नोंदणी करतो. चालू मोडेम मात्र जुन्याच फाईलवर राहतो, म्हणून नव्या फाईलमधली चूक लगेच कळत नाही. संध्याकाळी इतवारीतली वीज जाऊन आली, की सगळे मोडेम एकदम नवी फाईल उचलतात आणि ग्राहकांचे फोन तेव्हा सुरू होतात.

मजकुरात लिहिलेल्या सेटिंगची मोडेमसाठीची फाईल बनवणारे ‘डॉक्सिस’ हे मोफत साधन लिनक्सच्या कमांड-लाईनवर चालते. कमांडपुढे वजा-ई, मग मजकुराची फाईल, किल्लीची फाईल आणि शेवटी तयार होणाऱ्या फाईलचे नाव, याच क्रमाने द्यावे. कंस किंवा अर्धविराम सुटला असेल, तर ते इथेच अडते. पण अर्थ ते तपासत नाही. म्हणून तयार फाईल वजा-डीने पुन्हा उलगडा आणि एकेक ओळ वाचा. ही पायरी कधीही गाळू नका.

सर्वांत जास्त चुका एककांत होतात. कमाल वेग बिट प्रति सेकंदात लिहायचा असतो: २० एमबीपीएससाठी २००००००० (दोनवर सात शून्ये). २०००० लिहिले तरी साधन मुकाट्याने स्वीकारते आणि ग्राहकाला २० केबीपीएस मिळतो. त्याच्याच खालची बर्स्टची (एका दमात किती डेटा जाऊ द्यायचा याची) ओळ मात्र बाइटमध्ये असते, आणि तिथे १५२२ पेक्षा कमी आकडा चालत नाही. मुख्य सर्व्हिस फ्लोमध्ये (ग्राहकाच्या डेटाच्या मुख्य प्रवाहात) क्यूओएस (सेवेचा दर्जा) संचाचा प्रकार ७ आहे ना, नेटवर्क अॅक्सेस १ आहे ना, हेही पाहा.

फाईलच्या शेवटी १६-१६ बाइटच्या दोन मोहरा, म्हणजे फाईल बदललेली नाही हे पडताळण्याच्या खुणा, असतात. पहिली मोडेम स्वतः तपासतो. दुसरी सीएमटीएस आपल्या गुप्त किल्लीने पडताळतो. किल्लीत एका अक्षराचा फरक असला, तरी सिस्कोच्या सीएमटीएसवर ‘रिजेक्ट’पुढे कंसात ‘एम’ दिसते. मोडेम ‘इनिट’ आणि कंसात ‘ओ’ वर अडकला, तर फाईल पोहोचलीच नाही: नाव तपासा, लिनक्स सर्व्हरवर लहान-मोठी अक्षरे वेगळी धरली जातात. विंडोजवरून एफटीपीने फाईल चढवताना बायनरी मोड ठेवा. टेक्स्ट मोडमध्ये बाइट बदलतात आणि मोहर तुटते.

एवढे झाल्यावर टेबलावरचा एकच मोडेम नव्या फाईलवर सुरू करून दोन्ही दिशांचा वेग मोजा, मगच ती पूर्ण पॅकला (त्या योजनेच्या सगळ्या ग्राहकांना) लावा.

प्रत्येक बिघाड फाईलचाच नसतो: मे महिन्यात पारा ४५ वर गेला, की लाईनवरच्या अॅम्प्लिफायरची लेव्हलही सरकते. एका नोडवरचे (एका भागाच्या लाईनवरचे) सगळे पॅक पडत असतील, तर आधी लाईन पाहा. एकच पॅक सगळ्या नोडवर पडत असेल, तर फाईल पाहा.

तपासणीसाठी आमच्याकडे मजकुराची फाईल आणि सीएमटीएसवर दिसणारी मोडेमची स्थिती पाठवा. किल्ली पाठवू नका, आणि फाईलमधला एसएनएमपीचा (मोडेमवर दुरून नजर ठेवण्याच्या पद्धतीचा) पासवर्ड आधी खोडा. तो उघड्या अक्षरांत असतो.