सुटा हीटर (कोकणातील कामाच्या जागी वापर)

भिंतीत पक्का न बसवता हवा तिथे उचलून नेता येणारा, विजेवर चालणारा खोली तापवण्याचा हीटर. सळईचा, ब्लोअरचा आणि तेलाचा हे त्याचे नेहमी आढळणारे प्रकार. कोकण किनारपट्टीवर थंडी बेताचीच. रत्नागिरीत जानेवारीतही रात्रीचे सरासरी तापमान १८–१९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही उंचावरच्या दापोलीत रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या पत्र्याच्या चौकीत, मासळीप्रक्रिया कारखान्यांत आणि पावसाळ्यात दमटलेल्या कचेऱ्यांत हा हीटर वापरला जातो. वर्षातून थोडेच दिवस लागत असल्याने तो उरलेला काळ माळ्यावर किंवा कपाटाखाली पडून राहतो आणि धोक्याची सुरुवात तिथूनच होते.

किनाऱ्यावर हीटरच्या तापलेल्या सळईइतकेच लक्ष त्याच्या प्लगकडे आणि सॉकेटकडे द्यावे लागते. खाऱ्या, दमट हवेत प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, सॉकेटमधल्या पट्ट्यांची पकड सैल होते आणि त्या सांध्यातला विद्युत् रोध वाढतो. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. सांध्याचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी तेवढ्या जागेत सुमारे ३८ वॉट उष्णता तयार होते. डाग देण्याची साधी सोल्डरिंग आयर्न २५ ते ३५ वॉटची असते. म्हणजे सॉकेटच्या आत तशी एक अखंड तापत असते. एमसीबी (मीटरजवळचा, भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) जास्तीच्या प्रवाहावर पडतो. इथे प्रवाह वाढलेला नसतोच, त्यामुळे तो पडत नाही. प्लग हाताला गरम लागणे, त्याचे प्लॅस्टिक तपकिरी पडणे, जळका वास येणे या खुणा दिसताच हीटर बंद करून वायरमनकडून सॉकेट बदलून घ्यावे. पिना घासून काम भागवू नये.

याच हिशेबाने ६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे १४०० वॉटपेक्षा जास्त भार चालत नाही. मोठ्या हीटरला १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले, भिंतीतले सॉकेटच हवे. संगणक, प्रिंटर आणि चहाची किटली ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत, त्यावर हीटर लावणे ही कचेऱ्यांतली सर्वांत सर्रास आणि सर्वांत वाईट सवय आहे.

कोकणात खऱ्या अर्थाने थंडीत काम करतात त्या कोळंबी सोलणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या स्त्रिया. गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर साठवतात. निवडण्याच्या दालनात बर्फ, पाणी आणि ओली फरशी कायमची. हात बधिर होतात, म्हणून टेबलाखाली हीटर आणून ठेवावासा वाटणे अगदी समजण्यासारखे आहे. पण ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी हाताळलेला साधा हीटर जीव घेऊ शकतो. त्यांना ऊब द्यायची जबाबदारी मालकाची आहे. त्यासाठी कोरड्या फरशीची वेगळी विश्रांतीची खोली, तिथे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) जोडलेला हीटर, आणि कामात मधूनमधून सुट्टी हवी. ही सोय न करता ‘हीटर आणू नका’ एवढीच पाटी लावणे अन्याय आहे.

रत्नागिरी परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओले रेनकोट, छत्र्या, ओल आलेले दस्त हीटरसमोर मांडण्याचा मोह त्यातूनच होतो. हीटरपासून किमान १ मीटर अंतरात कागद, कापड, खोकी, पेंढा काहीही नसावे. चिऱ्याच्या जुन्या इमारतींतल्या लाकडी माळ्यांवर कागदपत्रांचे बस्ते रचलेले असतात आणि आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये पेंढा पसरलेला असतो. तिथे उघड्या सळईचा हीटर नकोच. त्यातल्या त्यात तेलाचा, आडवा पडल्यास आपोआप बंद होणारा आणि आयएसआय चिन्ह असलेला हीटर बरा. दमट फायलींना मात्र ऊब देण्यापेक्षा हवा खेळती ठेवणे किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) लावणे अधिक उपयोगी.

पावसाळ्यात लाइट जाणे नेहमीचे. लाइट गेली की हीटर बंद झाला असे वाटून माणसे घरी जातात. बटण मात्र चालूच राहते. रात्री पुरवठा परत आला की रिकाम्या कचेरीत हीटर तापू लागतो. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी कोणते उपकरण चालू राहिले ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. म्हणून वीज जाताच प्लग उपसून ठेवण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे असावे.

वीज नसताना चौकीत कोळशाची शेगडी पेटवतात. दार-खिडकी लावलेल्या खोलीत ती हीटरपेक्षाही घातक ठरते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेगडी उघड्यावरच ठेवावी. हीटरला आग लागल्यास आधी मेन स्विच बंद करावा, पाणी ओतू नये. कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक दाराजवळ, हात पोचेल अशा उंचीवर टांगलेले असावे.