पिंक फ्लॉइडची गाणी, दुसऱ्यांच्या गळ्यातून

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या माजी बेसवादकाने ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा ध्वनिमुद्रित केला आणि ‘रिडक्स’ अशी जोड देऊन स्वतःच्या नावावर बाजारात आणला. मूळ अल्बमला त्या वर्षी ५० वर्षं झाली होती. नव्या रूपात गिटारचे सोलो गाळलेत, लय उतरवली आहे आणि बऱ्याच जागी गाण्याऐवजी एका वयस्क माणसाचं संथ बोलणं ऐकू येतं. चाहत्यांत लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, मूळ अल्बमचे सगळे शब्द याचेच, मग हे कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती, कसं? दुसऱ्यांचं म्हणणं, गिटारवादक यात नाही, ड्रमर नाही, कीबोर्डवादक तर २००८ मध्येच वारला; मग हे कव्हर नाही तर काय?

हे भांडण वरकरणी नावाचं वाटतं. पण फ्लॉइडची गाणी दुसऱ्या कुणी गायली की दर वेळी हाच पेच उभा राहिला आहे: या गाण्यांत रचना किती आणि त्या एका ध्वनिमुद्रणाची करामत किती?

सुरुवातीच्या काळात सांगण्यासारखं फार नाही. १९६७ ची गाणी छोटी, चालीची, त्यामुळे उचलायला सोपी होती. ‘सी एमिली प्ले’ १९७३ मध्येच एका बड्या इंग्लिश गायकाच्या ‘पिन अप्स’ या कव्हरच्या अल्बममध्ये आलं. कॅनडाच्या व्हॉइव्हॉड या मेटल बँडने १९८९ मध्ये ‘अॅस्ट्रोनॉमी डॉमिने’ केलं, आणि त्या कर्कश, तुटक वाजवण्यात मूळ गाण्याची भीती शाबूत राहिली. मधल्या वर्षांत मात्र ज्या गाण्यांनी फ्लॉइडला जगभर नेलं, त्यांना फारसं कुणी हात लावत नव्हतं. कारण उघड आहे. ‘डार्क साइड’मधल्या ‘मनी’ची सुरुवात म्हणजे नाणी, गल्ल्याचं यंत्र आणि कागद फाडण्याचा आवाज यांच्या टेपचे सात सारखे तुकडे चिकटवून केलेला, पुन्हापुन्हा फिरणारा लूप. गाण्याचा सात मात्रांचा ताल टेपच्या त्या तुकड्यांतूनच ऐकू येतो. हे गाणं पेटीवर किंवा गिटारवर बसवायला घेतलं, की अर्धं गाणं हातातून निसटतं.

ही कोंडी फुटली १९९० च्या दशकाच्या शेवटी, आणि पुढची दहा-बारा वर्षं माझ्या मते फ्लॉइडच्या कव्हरचा खरा काळ. त्याआधी, २१ जुलै १९९० ला, बर्लिनच्या पाडलेल्या भिंतीच्या जागेवर फ्लॉइडचा ‘द वॉल’ हा अल्बम सादर झाला, तेव्हा पाहुण्या गायकांनी एकेक गाणं वाटून घेतलं होतं; पण तो सोहळा होता, मांडणी जवळपास मूळचीच. नोव्हेंबर १९९८ मध्ये फिश या अमेरिकी बँडने युटामधल्या एका मैफलीत ‘डार्क साइड’ सलग वाजवला. २००१ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोच्या ल्यूथर राइट अँड द राँग्ज यांनी आख्खा ‘द वॉल’ बँजो आणि फिडलवर, ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या चालीने उभा केला. रॉकस्टारच्या एकटेपणाची कथा गावाकडच्या तक्रारीसारखी ऐकू येऊ लागली आणि तरीही कुठे खोटी वाटली नाही.

२००३ चा ‘डब साइड ऑफ द मून’ हा या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या ईझी स्टार ऑल-स्टार्स या मंडळींनी ‘डार्क साइड’ रेगे आणि डब या जमैकन शैलींमध्ये आणला. ‘मनी’ची सुरुवात ऐका. नाण्यांच्या जागी गांजाच्या चिलमीचा बुडबुडा आणि खोकला आहे, पण मात्रा त्याच हिशेबाने पडतात. ‘टाइम’मध्ये जमैकन पद्धतीचं बोलगाणं मधे शिरतं. या लोकांना एक गोष्ट नेमकी कळली होती: नाणी महत्त्वाची नाहीत, रोजच्या आवाजातून ताल काढण्याची कल्पना महत्त्वाची आहे. आवाज बदलला तरी रचना तगली. फ्लॉइडची गाणी स्टुडिओबाहेर जगूच शकत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर दुसरं नाही. मग २००५ मध्ये ड्रीम थिएटर या बँडने लंडनमध्ये तोच अल्बम जवळजवळ नोटेशनबरहुकूम वाजवला, तर २००९ मध्ये फ्लेमिंग लिप्सने तो मुद्दाम खरवडून, फाटक्या आवाजात केला.

आता ‘डार्क साइड’मधलंच ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. या एका गाण्यापाशी थांबल्याशिवाय बाकीचं नीट उलगडत नाही.

२१ जानेवारी १९७३, रविवार. लंडनच्या एका स्टुडिओत २५ वर्षांची एक सेशन सिंगर, म्हणजे ध्वनिमुद्रणापुरती मानधनावर गाणारी गायिका, बोलावणं आलं म्हणून आली. बँडजवळ कीबोर्डवादकाने रचलेली स्वरसंगतींची एक मालिका होती. शब्द नव्हते, चाल नव्हती. सूचना एवढीच की मृत्यू हा विषय आहे, शब्द नकोत. पहिल्यांदा तिने सवयीने ‘ओ बेबी’ छापाचं काही गायलं, ते नको म्हणून सांगितलं गेलं. मग आपला गळा हेच एक वाद्य आहे असं धरून ती गायली. दोन पूर्ण टेक आणि एक अर्धा. बाहेर येऊन तिने जरा जास्तच झालं म्हणून माफी मागितली. रविवारच्या दुप्पट दराने ३० पौंड घेऊन ती घरी गेली. आपला आवाज अल्बमवर ठेवलाय हे तिला कळलं ते दुकानात अल्बम पाहून, त्यावर आपलं नाव वाचून. नाव गायिका म्हणून होतं. संगीत एकट्या कीबोर्डवादकाच्या नावावर होतं.

२००४ मध्ये ती कोर्टात गेली. मागणी अशी की मला सहरचनाकार माना. २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. अटी जाहीर झाल्या नाहीत, पण त्यानंतरच्या आवृत्त्यांवर रचनेच्या श्रेयात दोन नावं दिसू लागली.

या तडजोडीवर अजूनही लोक हिरिरीने वाद घालतात. बँडच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. हा तुकडा तिच्या येण्याच्या वर्षभर आधीपासून मैफलींत वाजत होता. १९७२ मध्ये तो ऑर्गनवर असे आणि त्यावर बायबलमधल्या उताऱ्यांचं टेप केलेलं वाचन ऐकू येई. म्हणजे रचना तिच्याशिवाय अस्तित्वात होती, लोकांसमोर आली होती. शिवाय सेशनचा रिवाज ठरलेला: येऊन गायचं, मानधन घ्यायचं, पुढचा हक्क नाही. प्रत्येक सॅक्सोफोनवाल्याने, प्रत्येक कोरसवालीने श्रेय मागितलं तर १९७० च्या दशकातला एकही अल्बम सुटणार नाही, अशी भीती तेव्हा बोलून दाखवली गेली.

पण कव्हरचा इतिहास समोर ठेवला की पारडं तिच्या बाजूला झुकतं. हे गाणं दुसऱ्या कुणी करायचं म्हटलं की काय शिकलं जातं? स्वरसंगती कुठलाही पियानोवादक एका संध्याकाळी बसवतो. महिनोनमहिने घोटावा लागतो तो तिचा आवाज: पहिली किंकाळी कुठे उठते, मधल्या भागात ती कुजबुजीपर्यंत कशी उतरते, शेवटी श्वास कुठे सोडते. खुद्द फ्लॉइडने १९८८-८९ च्या आणि १९९४ च्या दौऱ्यांत हे काम तीन गायिकांत वाटून दिलं होतं, कारण एका गळ्याला रोज रात्री ते झेपणारं नव्हतं. १९९० च्या नेबवर्थच्या मैफलीत मात्र मूळ गायिकेनेच ते पुन्हा गायलं. फ्लॉइडचीच गाणी हुबेहूब वाजवणारे अनेक ट्रिब्यूट बँड आजही तीच तीन भागांची वाटणी पाळतात. आपल्याकडे बंदिश एकाची आणि आलाप ज्याचा त्याचा. इथे उलट झालं, त्या एका दिवशीचा आलापच जगभरच्या गायिकांसाठी बांधील बंदिश होऊन बसला. जी गोष्ट इतर लोक स्वर न स्वर पाठ करून गातात, ती निव्वळ सादरीकरण कशी? कव्हर करणाऱ्यांनीच, नकळत, तिचा दावा सिद्ध केला होता.

फरक पैशांतही पडतो. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागात गाणारी मुलं लंडनच्या एका शाळेतली. शाळेला १,००० पौंड मिळाले, मुलांच्या हाती काही आलं नाही. २००४ मध्ये, त्याच वर्षी, त्यांतल्या काहींनी आता मोठं होऊन मानधनाचा हक्क मागितला. पण त्यांचा हक्क सादरकर्त्याचा, म्हणजे त्या मूळ ध्वनिमुद्रणापुरता. कॉर्न या बँडने त्याच वर्षी ‘अनदर ब्रिक’चे तिन्ही भाग जोडून कव्हर केलं, त्यातून या मुलांना काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ‘ग्रेट गिग’चं कव्हर झालं तर मात्र त्या गायिकेचा वाटा निघतो, कारण ती आता रचनेची सहमालक आहे.

रचना आणि ध्वनिमुद्रण यांतली ही रेघ कायदा सगळीकडे ओढतो, पण सारखी ओढत नाही. अमेरिकेत एकदा अधिकृत ध्वनिमुद्रण झालं की ठरलेला दर भरून कुणीही कव्हर करू शकतो, फक्त मूळ चाल आणि गाण्याचा पिंड बदलता येत नाही. भारतात ही मुभा पूर्वी दोन वर्षांनी मिळायची. व्हर्जन कॅसेटींचा जो पूर आपण पाहिला तो त्याच तरतुदीच्या आधाराने. २०१२ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे रचनेत बदल चालत नाही. ‘डब साइड’सारखं काही इथे करायचं तर थेट मालकांची परवानगीच लागेल.

गायकाचा आवाज हीच गाण्याची ओळख, हे फ्लॉइडला स्वतःलाही कधी मान्य नव्हतं. ‘हॅव अ सिगार’ हे १९७५ चं गाणं मूळ अल्बमवरच एका पाहुण्या गायकाने गायलं आहे. २००० मध्ये फू फायटर्स या बँडने ते केलं, क्वीनच्या गिटारवादकाला सोबत घेऊन, आणि मुख्य गायकाला बाजूला ठेवून ड्रमरकडून गाऊन घेतलं. दोन्ही वेळा गाणारा ‘आपला’ नाही, आणि दोन्ही वेळा गाणं उभं राहतं.

‘कम्फर्टेबली नम’चं तसं नाही. तिथे मांडणी कशी असावी, यावरच १९७९ मध्ये बेसवादक आणि गिटारवादक यांचं जमलं नाही. न्यूयॉर्कच्या सिझर सिस्टर्सने जानेवारी २००४ मध्ये त्याचं डिस्को करून टाकलं: उंच खोट्या आवाजातलं गाणं, नाचता येईल असा ठेका, आणि तो प्रसिद्ध सोलो सरळ गायब. ब्रिटनच्या यादीत ते दहाव्या क्रमांकावर पोचलं. जुन्या चाहत्यांना हा अपमान वाटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेसवादकाने स्वतः त्याच गाण्याचं नवं रूप काढलं, संथ आणि काळोखं. त्यानेही सोलो काढून टाकला आणि त्या जागी एका गायिकेचा आवाज आणला. १८ वर्षांपूर्वी डिस्कोवाल्यांनी जी काटछाट केली, तीच गीतकाराने केली. सिझर सिस्टर्सना दिलेल्या शिव्या आता परत घ्यायला हरकत नसावी.

माजी सदस्यांचा हा गुंता १९८५ च्या फुटीतून आला. बेसवादक बाहेर पडला, १९८६ मध्ये नावाच्या वापराविरुद्ध कोर्टात गेला, डिसेंबर १९८७ मध्ये समझोता झाला. नाव उरलेल्यांकडे राहिलं. ‘द वॉल’ची संकल्पना आणि मैफलींत हवेत तरंगणारं ते फुगवलेलं डुक्कर बेसवादकाकडे गेलं. १९८८ मध्येच अॅडलेडला ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो हा ट्रिब्यूट बँड सुरू झाला, डुकराच्या जोडीला गुलाबी कांगारू घेऊन. या मंडळींना १९९६ मध्ये गिटारवादकाच्या पन्नाशीला वाजवायला बोलावलं गेलं. फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईकरांनी ‘डार्क साइड’ अखेर प्रत्यक्ष ऐकला, तो बेसवादकाच्या भाड्याच्या बँडकडून. ड्रमरने २०१८ पासून वेगळाच बँड काढून १९७२ पर्यंतचीच गाणी वाजवायला घेतली, आणि तिघांत सर्वांत कमी भांडण त्याच्या वाट्याला आलं.

‘रिडक्स’मध्ये ‘ग्रेट गिग’च्या जागी ती किंकाळी समोर येत नाही. एका आजारी कवी-मित्राच्या अखेरच्या दिवसांतला पत्रव्यवहार तिथे वाचून दाखवला जातो. ज्यांना हे ऐकून धक्का बसला, त्यांनी १९७२ च्या मैफलींची ध्वनिमुद्रणं शोधून ऐकावीत. तेव्हाही त्या स्वरांवर वाचनच होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉइडची मूळ ध्वनिमुद्रणं, नाव आणि प्रतिमा यांचे हक्क एका बड्या कंपनीने घेतले, बातम्यांनुसार सुमारे ४० कोटी डॉलरना. गीतलेखनाचे हक्क त्या सौद्यात नव्हते. म्हणजे कव्हर करू पाहणाऱ्या बँडला आजही आधीच्याच मालकांशी बोलायचं आहे, ‘ग्रेट गिग’साठी त्या गायिकेच्या वाट्यासकट. नव्या मालकाशी गाठ पडेल ती ट्रिब्यूट बँडांची, ज्यांच्या पोस्टरवर ते नाव आणि ‘डार्क साइड’च्या मुखपृष्ठावरचा तो त्रिकोण आहे.