आयर्न मेडन: 'सुरुवात कुठून' हा प्रश्न आला कुठून?

भाच्याने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "मामा, आयर्न मेडन ऐकायचंय. कुठून सुरू करू?" सोबत स्क्रीनशॉट. या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या १७ स्टुडिओ अल्बमची कव्हरं ओळीने मांडलेली आणि जवळजवळ प्रत्येकावर तो दात विचकणारा एडी, म्हणजे बँडचं चित्रातलं बोधचिन्ह. मला हसू आलं. आमच्या वेळी हा प्रश्न कुणाला पडायचाच नाही. जी कॅसेट हाती लागेल, तिथून सुरुवात.

मला मिळाली ती मित्राच्या मोठ्या भावाने भरून दिलेली नव्वद मिनिटांची कॅसेट. एका बाजूला 'द नंबर ऑफ द बीस्ट', दुसऱ्या बाजूला 'पॉवरस्लेव्ह'. पहिला अल्बम ४० मिनिटांचा, ऐसपैस बसायचा. दुसरा सुमारे ५१ मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. त्यात शेवटचं गाणं इंग्रज कवी कोलरिजच्या खलाशाच्या कवितेवरचं, साडेतेरा मिनिटांचं. मध्येच सगळा गदारोळ थांबतो, बेस गिटार एकटी हळू वाजत राहते, जहाजाची लाकडं करकरतात, कुणीतरी घोगऱ्या आवाजात कवितेच्या ओळी म्हणतं. आणि तिथेच कुठेतरी टेपरेकॉर्डरचं बटण खाटकन वर यायचं. तो म्हातारा खलाशी माझ्यापुरता चार वर्षं त्याच वारा पडलेल्या समुद्रात अडकून होता. पुढे पाऊस येतो, जहाज हलतं, हे मला सीडी घेतल्यावर कळलं.

आता सगळं एका बोटावर आहे, म्हणून निवड करावी लागते. आणि या बँडच्या बाबतीत ती खरोखर अवघड आहे, कारण एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळे बँड होऊन गेलेत.

बँड सुरू केला तो बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसने, पूर्व लंडनच्या लेटन भागात, १९७५च्या नाताळात. पुढची चार वर्षं पबमध्ये वाजवण्यात आणि माणसं बदलण्यात गेली. १९७८ संपता संपता केंब्रिजच्या एका स्टुडिओत त्यांनी डेमो रेकॉर्ड केला आणि त्याची टेप नील के या डीजेकडे दिली. हा गृहस्थ लंडनमध्ये 'साउंडहाउस' नावाच्या ठिकाणी फक्त हेवी मेटल लावायचा. तिथे ती टेप इतकी गाजली की १९७९मध्ये त्यातली तीन गाणी 'द साउंडहाउस टेप्स' म्हणून निघाली. ५००० प्रती, त्याही टपालाने. त्याच वर्षी 'साउंड्स' या साप्ताहिकाने 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे लांबलचक नाव प्रचारात आणलं, आणि वर्ष संपायच्या आत ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने मेडनला करारबद्ध केलं.

पहिला अल्बम एप्रिल १९८०चा. गायक पॉल डिअ‍ॅनो. त्याच्या आवाजात नाक्यावरच्या पोराची खरखर आहे. गाणी वेगवान, कोपरे न घासलेली. ब्रिटनच्या खपाच्या यादीत अल्बम चौथ्या क्रमांकावर गेला, पण त्याचं रेकॉर्डिंग खुद्द बँडलाच कधी पटलं नाही. म्हणून १९८१च्या 'किलर्स'साठी मार्टिन बर्च आला. डीप पर्पल आणि ब्लॅक सॅबथबरोबर काम केलेला हा माणूस पुढे १९९२पर्यंत मेडनचा निर्माता राहिला. जुने चाहते या पहिल्या दोन अल्बमवर जीव टाकतात आणि नवख्यालाही तिथूनच ढकलतात. माझं मत उलट आहे. तिथून सुरुवात केली की तिसऱ्या अल्बमला गायक बदलतो आणि ऐकणारा गांगरतो.

तो बदल १९८१च्या शरदात झाला. डिअ‍ॅनोला दौऱ्यांचा ताण आणि व्यसनं झेपेनात. त्याच्या जागी 'सॅमसन' बँडमधून ब्रूस डिकिन्सन आला. याच्या आवाजाची पट्टी इतकी उंच की त्याला हवाई हल्ल्याचा भोंगा असंच टोपणनाव पडलं. आणखी एक अडचण होती. पहिल्या दोन अल्बमवर पबमध्ये वाजवून मुरलेली गाणी बरीचशी संपली होती. तिसऱ्यासाठी सगळी नव्याने लिहावी लागली. मार्च १९८२मध्ये आलेला 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत काही धार्मिक गटांनी त्याच्या तबकड्या जाळल्या, आणि त्याने खप कमी झाला असं काही दिसत नाही.

हाच अल्बम 'इथून सुरू करा' म्हणून सगळीकडे सांगितला जातो. शेवटचं 'हॅलोड बी दाय नेम', फाशीच्या पहाटेची वाट पाहणाऱ्या कैद्याचं, हे मेडनचं सर्वोत्तम गाणं आहे यावरही फारसा वाद नाही. पण अल्बम सगळा सारखा नाही. 'गँगलँड' हे गाणं घ्यायचं की 'टोटल एक्लिप्स', यात बँडने 'गँगलँड' घेतलं आणि नंतर स्वतःच चूक मानली. २०२२च्या चाळिशीच्या व्हिनाइल आवृत्तीत तर 'गँगलँड' काढून 'टोटल एक्लिप्स' बसवलं. चाळीस वर्षांनी का होईना!

१९८२च्या अखेरीस ड्रमर क्लाइव्ह बर बँडमधून गेला, निको मॅकब्रेन आला आणि गाडी रुळावर बसली. 'पीस ऑफ माइंड' १९८३, 'पॉवरस्लेव्ह' १९८४, दोन्ही बहामातल्या नासाऊला रेकॉर्ड केलेले. मेडनची चाल म्हणतात ती इथे पक्की होते. 'द ट्रूपर' ऐका. क्रिमियाच्या युद्धात १८५४मध्ये बालाक्लाव्हाला इंग्रज घोडदळ रशियन तोफांवर चालून गेलं, त्यावरचं गाणं. एक लांब ठोका, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड. हॅरिस हे पिक (तार छेडायची छोटी चकती) न वापरता बोटांनी वाजवतो, आणि टापा अक्षरशः ऐकू येतात. त्यावर दोन गिटारी एकच सुरावट वेगवेगळ्या पट्टीतून जोडीने म्हणतात. पुढे जगभरातल्या किती पोरांनी हे उचललं त्याला गणती नाही.

'पॉवरस्लेव्ह'चा दौरा ऑगस्ट १९८४मध्ये पोलंडमधून सुरू झाला, म्हणजे लोखंडी पडद्याच्या पलीकडून, तेव्हाच्या कम्युनिस्ट युरोपातून, आणि जवळजवळ अकरा महिने चालला. त्यातून 'लाइव्ह आफ्टर डेथ' निघाला, ऑक्टोबर १९८५मध्ये. दोन एलपी तबकड्या, तीन बाजू कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या, चौथी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनची. सुरुवातीला चर्चिलचं १९४०चं भाषण, आणि ते संपताच 'एसेस हाय'. पहिल्या पाचही अल्बममधली गाणी इथे एका गायकाच्या आवाजात, एकाच बँडच्या हातून ऐकू येतात. डिअ‍ॅनोच्या काळातली गाणीसुद्धा डिकिन्सन गातो, त्यामुळे तो मघाचा सांधा जाणवत नाही. गंमत म्हणजे हा अल्बम पहिल्यांदा सीडीवर आला तेव्हा सगळा बसेना म्हणून अख्खी चौथी बाजू गाळली होती. कापाकापी फक्त माझ्या कॅसेटवर होत नव्हती तर. पूर्ण अल्बम सीडीवर यायला १९९८ उजाडलं.

पुढचं भरभर सांगतो. त्या दौऱ्याने सगळे पिळून निघाले होते. 'समव्हेअर इन टाइम'मध्ये (१९८६) गिटार सिंथेसायझर आले आणि डिकिन्सनच्या नावावर एकही गाणं नाही. 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' (१९८८) माझा लाडका, पण सुरुवातीसाठी नव्हे. १९९०मध्ये गिटारिस्ट एड्रियन स्मिथ बँड सोडून गेला, १९९३मध्ये डिकिन्सन. ब्लेझ बेली या गायकाबरोबर १९९५ आणि १९९८मध्ये दोन अल्बम झाले. मोठी सभागृहं भरणारा बँड अमेरिकेत तेव्हा क्लबमध्ये वाजवत होता. बेलीला सगळे झोडपतात, पण खालच्या पट्टीचा गायक घेऊन त्याला भोंग्यासाठी लिहिलेली गाणी रोज गायला लावली, यात त्याचा काय दोष?

१९९९मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघंही परतले, आणि स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गर्सलाही कुणी घालवलं नाही. तेव्हापासून तीन गिटारी. २०००चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' हा या दुसऱ्या डावाचा चांगला दरवाजा. त्यानंतर गाणी लांबत गेली. एलपीच्या बाजूचं बंधन सुटलं की काय होतं ते इथे दिसतं: १९८०चा पहिला अल्बम ४० मिनिटांच्याही आत, आणि २०१५चा 'द बुक ऑफ सोल्स' ९२ मिनिटांचा, त्यात आर-१०१ या एअरशिपच्या (वायूने भरलेल्या महाकाय हवाई नौकेच्या) अपघातावरचं १८ मिनिटांचं एकच गाणं. कुणी इथून सुरुवात केली तर तो पुन्हा या वाटेला येणार नाही.

सुरुवात कुठून, याचं बँडचं स्वतःचं उत्तरही आहे आणि ते आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनचा कार्यक्रम झाला. 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जगभराच्या दौऱ्याची ती पहिली रात्र. बोइंग ७५७मध्ये बँड, माणसं आणि सामान एकत्र भरून आणलेलं, आणि विमान चालवायला खुद्द डिकिन्सन. मंचावर 'पॉवरस्लेव्ह'च्या दौऱ्यासारखाच इजिप्तचा देखावा, गाणीही बहुतेक ऐंशीच्या दशकातली. वर्षानुवर्षं भरलेल्या कॅसेटवर वाढलेली मंडळी बायकापोरांसकट आली होती. दौऱ्याच्या निमित्ताने त्याच नावाचा निवडक गाण्यांचा संग्रह नव्या श्रोत्यांसाठी काढला गेला. त्यात डिअ‍ॅनोच्या काळातली गाणी मूळ रेकॉर्डिंगची नाहीत, सगळी 'लाइव्ह आफ्टर डेथ'मधून उचललेली आहेत. म्हणजे नवख्याला दारातच गायक बदलल्याचा धक्का द्यायचा नाही, हे त्यांनाही कळत होतं.

म्हणून भाच्याला लिहिलं: आधी 'लाइव्ह आफ्टर डेथ', पूर्ण, चौथ्या बाजूसकट. त्यातलं जे गाणं डोक्यातून जाणार नाही, त्याचा मूळ अल्बम शोध. मग १९८८पर्यंत सरळ ये. पहिले दोन त्यानंतर, म्हणजे डिअ‍ॅनो परका वाटणार नाही. नव्वदीतलं सध्या राहू दे, आणि 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ला पोचलास की फोन कर.

आठवडा झाला. तो अजून 'रन टू द हिल्स' या गाण्यावरच आहे. ताई म्हणते, घरात दिवसभर तेच वाजतंय.