ओझर ते दिल्ली 990 किमी, मग दोन तास कशाला?

नेटवर दोन एअरपोर्टची नावं टाकली की अंतर लगेच येतं, आपलं ओझर (नाशिकचं विमानतळ) ते दिल्ली साधारण 990 किलोमीटर. जेट विमान वर गेल्यावर ताशी 830 च्या आसपास पळतं, म्हणजे हिशोबाने सव्वा तासाच्या आत दिल्ली यायला पाहिजे, पण तिकिटावर दोन तासांच्या जवळपास लिहिलेलं असतं. आणि ओझर-अहमदाबाद हवाई अंतर जेमतेम 350 किमी, तरी त्याला तास लागतोच!

आधी ते 990 बघू. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोल पाठीवरून सगळ्यात जवळची रेघ मोजतात, ते हे अंतर. सपाट नकाशावर हीच रेघ वाकडी दिसते. मुंबई-न्यूयॉर्कची रेघ तर स्वीडन, नॉर्वे, आइसलंडवरून जाते, विश्वास बसत नसेल तर पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.

पण विमान काय अगदी रेघेवरून जात नाही. ओझरचा रनवे पूर्व-पश्चिम, दिल्लीचेही साधारण तसेच, आणि दिल्ली आहे उत्तरेला. टेकऑफ वाऱ्याच्या तोंडावर करायचा, मग वळायचं, ठरलेल्या हवाई मार्गाला लागायचं, तिकडे उतरताना परत वळसा, त्यात दिल्लीला गर्दी असली तर आकाशातच घिरट्या. शिवाय 10,000 फुटांच्या खाली साधारणपणे ताशी 460 किमीच्या वर जायचं नाही असा नियम आहे. आणि तिकिटावरचा वेळ नुसता उडण्याचा नसतोच, विमान जागेवरून हललं तिथपासून दिल्लीत पार्क होईपर्यंतचा असतो, त्यात कंपन्या उशीर झाकायला थोडी मिनिटं वाढवूनही ठेवतात (हुशार आहेत). हा सगळा वेळेचा खर्च 350 किमीला पण तेवढाच आणि 990 ला पण जवळपास तेवढाच.

म्हणून माझा कामचलाऊ हिशोब असा, किलोमीटरला 800 ने भागा आणि वर 40 मिनिटं टाका. दिल्ली 1 तास 54 मिनिटं, अहमदाबाद 1 तास 6 मिनिटं. छोटं पंख्याचं एटीआर असेल तर 800 च्या जागी 500 घ्या.

लांबच्या प्रवासात मात्र हा हिशोब फसतो, कारण वारा. बऱ्याच जणांना वाटतं पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणजे पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचेल. नाशिकची जमीन ताशी 1570 किमीने फिरतेय हे खरं, पण हवाही तिच्यासोबतच फिरते, धावत्या एसटीत उडणारी माशी मागच्या काचेवर जाऊन आपटते का? उलट 9-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वारे वाहतात, हिवाळ्यात उत्तर भारतावर ते चांगलेच जोरात असतात, कधी ताशी 200 किमीच्याही वर. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना साधारण तासभर तरी वाचतो.

त्यात राजकारण वेगळंच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या दिल्ली-लंडन विमानांना खाली अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. वेबसाईटवर अंतर तेवढंच दिसत होतं.