गच्चीवरचं ओझं

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जुन्या घराच्या सपाट छपराला माळवद म्हणतात, खानदेशात धाबं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या नाहीतर काटक्या, वर पाला आणि मग खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती भिजली की फुगते आणि आपल्या भेगा आपणच बुजवते. तरी गळतं म्हणून मृगाच्या आधी दरवर्षी वर नवी माती पडायची. जुनी काढायची कोण? पिढ्या गेल्या तसं माळवद दीड-दोन फूट जाड झालं. घर उन्हाळ्यात गार राहायचं, पण डोक्यावर प्रत्येक चौरस मीटरला सहा-सातशे किलोंचं ओझं असायचं, तेही मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारीला भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली बरीचशी या दगडामातीखाली.

गच्चीचा आपल्याकडचा इतिहास असा आहे. पाणी अडवायचं तर वजन वाढवा. सिमेंट आलं, घरावर स्लॅब पडला, पण ही सवय काही गेली नाही.

मुंबई-पुण्यात स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा करतात. विटांचे अर्धे-पाव तुकडे भिजवून तिरपे उभे मांडायचे, फटींत सिमेंटचा माल ओतायचा, पाणी पन्हळीकडे जाईल असा उतार द्यायचा. वर गुळगुळीत सिमेंट घोटून ते ओलं असतानाच दोरी दाबून फूटभराची चौकडी पाडायची. मग कडेने मालाची आळी करून आठवडाभर पाणी साठवून ठेवायचं. स्लॅब आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात गवंडी जी गोलाई देतो तिला वाटा म्हणतात. गच्चीचं निम्मं भवितव्य त्या वाट्यात असतं, असं माझं मत आहे. कुणी कोब्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवतं, तो चायना मोझाइक. ऊन परतवायला तो खरंच चांगला.

पद्धत वाईट नाही. घोळ होतो तो दुसऱ्या वेळेस. दहा-बारा वर्षांनी खालच्या घरात ओल येते, कंत्राटदार म्हणतो, ‘जुना फोडू नका, खर्च वाढेल, वरून नवा मारतो.’ दहा सेंटिमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या घरात जातं. वावर असलेल्या सपाट गच्चीवर माणसं-सामान मिळून धरायचा भार आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलोंच्या आसपास. म्हणजे पहिल्याच जादा थरात ती सगळी तरतूद खपली.

बाल्कनीची कथा निराळी सुरू होते, पण याच वाटेला येऊन मिळते. चाळीची गॅलरी लाकडी वाशांवर उभी. भिंतीत रुतलेली त्यांची टोकं ओलीने कुजली की कठडा डुलायला लागायचा, म्हणजे धोका निदान दिसायचा तरी. काँक्रीट आल्यावर खालचा आधार गेला आणि बाल्कनी भिंतीतून नुसती पुढे आली. अशा स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला लागते, कारण ताण वर येतो. स्लॅब ओतताना घमेली घेऊन माणसं त्याच सळईवरून चालतात. खाली चेअर, म्हणजे सळई उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळ्यांच्या घोड्या, नीट लावलेल्या नसल्या तर ती दबून खाली बसते आणि ते कुणालाही दिसत नाही.

शिवाय खारा वारा आहेच. 1978 च्या आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं 15 मिलिमीटर आवरण चालत होतं. 2000 च्या आवृत्तीने किनाऱ्यालगत ते 45 वर नेलं. मधल्या काळातल्या इमारतींच्या बाल्कन्यांखाली गंजाने फुगलेलं प्लास्टर का लटकतं, हे त्या दोन आकड्यांत आहे.

त्यात माणसांनी बाल्कनी खोलीत घेतली. पूर्वी तिची जमीन आतल्यापेक्षा दीड-दोन इंच खाली असायची, झड आली तरी पाणी बाहेरच राहावं म्हणून. हॉल वाढवताना ती भर घालून सपाट केली, वर टाइल्स, टोकाला ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या. मुंबईत जानेवारी 2012 पासून बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे सगळं एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मंजूर होणाऱ्या बांधकामात, मोजायला लागले आणि बदल्यात 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय दिला. त्यानंतर बऱ्याच नव्या इमारतींच्या नकाशांतून बाल्कनीच गेली. ज्या राहिल्या त्यांचा कठडा काचेचा. राष्ट्रीय इमारत संहितेत कठड्याची उंची 1 ते 1.2 मीटर आहे, मोजायची ती टाइल्स बसल्यानंतरच्या जमिनीपासून. भर घातली की कठडा तेवढाच बुटका होतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या सोसायटीची गच्ची दोन वर्षांपूर्वी स्लॅबपर्यंत फोडली. एकाखाली एक तीन कोबे निघाले, मिळून फूटभर. सगळ्यांत खालच्यावर दोरीची चौकडी अजून ताजी होती, कुठे तडा नाही. पाणी शिरत होतं टाकीच्या पाइपाशी, तिथला वाटा कुणीतरी पाइप टाकताना फोडला होता आणि मग कागद कोंबून वर सिमेंट लावलं होतं.