पंचेचाळीस अंशांचा काप आणि कोपऱ्यातली फट

बिडिंगच्या, म्हणजे भिंतीच्या कडेला किंवा चौकटीभोवती लावायच्या नक्षीदार लाकडाच्या, दोन्ही पट्ट्या अचूक 45 अंशांत कापल्या की कोपऱ्यातला सांधा घट्ट बसतोच, आणि फट राहिली तर सुताराचा हात चुकला, हा समज खरा नाही. प्लास्टर केलेल्या भिंती क्वचितच नेमक्या काटकोनात असतात; आतला कोपरा 92 अंशांचा असेल, तर प्रत्येक पट्टीच्या वाट्याला 46 अंश येतात आणि 45 चे निर्दोष काप समोरून उघडे राहतात. म्हणून गुण्या (काटकोन तपासायचे अवजार) लावून पाहणे पुरेसे नसते, कोन मोजून त्याचे निम्मे करावे लागतात.

छताजवळच्या आणि जमिनीलगतच्या आतल्या कोपऱ्यांत मला याहून भरवशाची वाटते ती जुनी रीत: एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवायची आणि दुसरीचे टोक पहिलीच्या नक्षीच्या आकाराप्रमाणे बारीक करवतीने कोरून, मागून किंचित जास्त तासून, तिच्यावर बसवायचे, म्हणजे कोनातला थोडा फरक सांध्यात दिसतच नाही.

दाराच्या चौकटीभोवती मात्र तिरकाच काप लागतो. तिथे ओलसर लाकूड वापरू नये, कारण सुकताना पट्टी रुंदीत आकसते, लांबीत जवळपास नाही, आणि सांधा आतल्या टोकाला उघडतो.