पांडाजचा स्क्यू आणि सायपायचा स्क्यू: आकडे तेच, उत्तरं दोन

समजा, सोलापुरातल्या एका दुकानात पाच दिवसांत १, २, ३, ४ आणि १० चादरी विकल्या गेल्या. या यादीचा स्क्यूनेस, म्हणजे आकडे सरासरीच्या एका बाजूला किती ओढले गेलेत याचं माप, पायथनच्या पांडाज या लायब्ररीत काढला तर १.६९७ येतो, सायपाय या दुसऱ्या लायब्ररीत १.१३८. प्रोजेक्ट करणारी मुलं इथे हमखास गोंधळतात आणि कोड पुन्हा पुन्हा तपासत बसतात. कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं.

एकदा हातानेच करून बघा. सरासरी ४. सरासरीपासूनचे फरक −३, −२, −१, ० आणि ६. त्यांच्या वर्गांची सरासरी १०, घनांची ३६. दहाचा दीडावा घात ३१.६२, त्याने ३६ ला भागलं की १.१३८. सायपाय इथेच थांबतं, कारण त्याचं ‘बायस’ हे सेटिंग मुळात ‘ट्रू’ असतं. पांडाज हाती आलेल्या नोंदींना नमुना समजतं आणि एक दुरुस्ती करतं: n गुणिले n−१ याचं वर्गमूळ, भागिले n−२ (n म्हणजे नोंदींची संख्या). पाच नोंदींना हा गुणक १.४९१ भरतो, दहांना १.१८६, शंभरांना जेमतेम १.०१५. म्हणजे डेटा मोठा असेल तर हा वाद उरतच नाही. सायपायमध्ये ‘बायस’ ‘फॉल्स’ केलं की दोन्ही उत्तरं जुळतात. एक्सेलचं साधं ‘स्क्यू’ही पांडाजच्याच बाजूचं.

माझ्या मते पाच नोंदींवरून स्क्यूनेस सांगूच नये, कुठल्याही लायब्ररीने काढला तरी. एकट्या १० ने सगळा आकडा ओढून नेलाय.

खरी काळजी घ्यायची ती रिकाम्या नोंदींची. पांडाज त्या गुपचूप वगळतं. सायपायला वेगळं सांगितलं नाही तर उत्तरच ‘नॅन’ (‘नॉट अ नंबर’, म्हणजे आकडाच नाही) येतं. मला सायपायचं हे वागणं जास्त पटतं, निदान डेटाकडे परत बघावं तरी लागतं. सोलापूरच्या रोजच्या पावसाचे आकडे घ्या. बहुतेक दिवस कोरडे, मोजक्याच दिवशी जोराच्या सरी, त्यामुळे स्क्यूनेस चांगलाच धन येणार. पण नोंद राहून गेलेला दिवस म्हणजे कोरडा दिवस नव्हे. तिथे शून्य भरलं, तर दोन्ही लायब्ररी काहीही कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतील.